गॅलरीतली फुलोरी मधमाशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र उलटलं, हवेतला दमटपणा जरा उतरला, की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणाच्या कढीपत्त्यावर, कुणाच्या एसीच्या पाइपवर, कुणाच्या ग्रिलला वेढे घालून बसलेल्या मनी प्लांटमध्ये एक तपकिरी गोळा लटकलेला असतो. खाली एकच ओळ : "हे काय आहे? कुणाला बोलवायचं?"

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. मुलुंडला राहते, गॅलरीत कुंड्या आहेत आणि गेली अकरा वर्षं या माश्यांना जागा देते आहे. म्हणजे त्या घेतात आणि मी गप्प बसते. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. घाईत असाल तर दोनच शब्द वाचा : फवारू नका. बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

ही नेमकी कोणती माशी?

फुलोरी. शास्त्रीय नाव एपिस फ्लोरिया. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८७ साली तिला हे नाव दिलं. पेटीतल्या मधमाशीची ही सख्खी नातलग, एकाच एपिस कुळातली, पण आकाराने खूपच लहान आणि स्वभावाने वेगळी. एक लक्षात घ्या : ही इथलीच आहे. मधाच्या व्यवसायासाठी पेट्यांमधून फिरवली जाणारी मेलीफेरा ही मूळची परदेशी माशी, ती भारतात रुजली १९६० च्या दशकात. फुलोरीला इथे कुणी आणलं नाही.

फोटो पाठवायची सोय नाही. ओळखू कशी?

आधी माशी बघा, मग पोळं.

कामकरी माशी सात-आठ मिलिमीटर लांब, बासमतीच्या दाण्याएवढी. पोटाचे पुढचे दोन पट्टे विटकरी-तांबूस, मागचा भाग काळा, आणि त्या काळ्यावर बारीक पांढऱ्या केसांच्या आडव्या रेघा. हा तांबूस-काळा-पांढरा क्रम एकदा डोळ्यात बसला की पुन्हा चूक होत नाही. तुळशीच्या मंजिरीवर किंवा ऑफिसटाइमच्या फुलावर बसलेली असताना बघा, तिथे ती दोन क्षण स्थिर असते. नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुण माश्या जरा फिकट दिसतात, त्यामुळे एकाच पोळ्यावर दोन रंगांच्या माश्या असल्याचा भास होतो. जात एकच.

नर काळपट आणि जाडसर. डोळे इतके मोठे की डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना टेकतात. त्यांच्या मागच्या पायाला अंगठ्यासारखा एक फाटा असतो, राणीशी मीलन होताना पकड मिळावी म्हणून. भिंगातून तो छान दिसतो, पण त्यासाठी मेलेला नर सापडायला हवा. मला तो एकदाच मिळाला, खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत. राणी सगळ्यांत मोठी, लांबट पोटाची, पण ती माश्यांच्या थराखाली असते. अकरा वर्षांत मी तिला तीनदा पाहिलं असेल.

पोळं एकच, उघड्यावर, बारीक फांदीला धरून. सुरुवातीला तळहाताएवढं, फार वाढलं तर जेवणाच्या ताटलीएवढं. गंमत अशी की ते मेणाचं पोळं तुम्हाला दिसतच नाही. दिसतो तो माश्यांचा पडदा. शेकडो माश्या एकमेकींना धरून दोन-तीन थरांत पोळं झाकून बसतात. त्या ऊन, वारा, पाऊस अंगावर घेतात आणि आत पिल्लांना ऊब मिळते. लांबून बघणाऱ्याला फांदीला कुणीतरी खजुराचा लगदा थापलाय असं वाटतं. एका पोळ्यावर साधारण काही हजार माश्या असतात.

सातेरी, आग्या किंवा पोया नाही कशावरून?

मुंबईत या चारही भेटतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

आग्या उंच इमारतीच्या स्लॅबखाली, पाण्याच्या टाकीखाली किंवा मोठ्या वडा-पिंपळावर असते. तिचं पोळं हातभर, कधी त्याहून मोठं, आणि माशी फुलोरीच्या दुपटीहून लांब. रात्री ट्यूबलाइटवर आपटून घरात पडते ती बहुतेक वेळा आग्याच, कारण चांदण्या रात्री ती उडू शकते. आग्याचं मोहोळ असेल तर हे पान इथेच थांबवा. खालचा एकही सल्ला तिला लागू नाही. अंतर ठेवा आणि मधमाश्या हाताळणाऱ्या जाणकारालाच बोलवा.

सातेरी अंधारात राहते : झाडाच्या ढोलीत, मीटरच्या पेटीत, जुन्या चाळीतल्या बंद कपाटात. तिची अनेक पोळी एकाशेजारी एक समांतर लटकतात. पोळं उघड्यावर दिसतंय, म्हणजे सातेरी नाही.

पोया अगदीच चिमुकली, काळी, जेमतेम चार मिलिमीटर, आणि तिला नांगीच चालवता येत नाही. गिरगाव-दादरकडच्या जुन्या भिंतींच्या भेगेतून मेण-राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसली आणि तोंडाशी काळे ठिपके घुटमळताना दिसले की ती पोया.

याशिवाय फुलांवर घोंगावणारे पण मधमाश्या नसलेले बरेच जण असतात. फुलमाशी हवेत एका जागी तरंगते, तिला पंख दोनच असतात. ट्यूबलाइटच्या पट्टीवर मातीचं घर थापणारी कुंभारीण ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली. शेवग्याच्या फुलांवर येणारा मोठा काळा भुंगा हीसुद्धा एक मधमाशीच, फक्त एकटीने लाकडात घर करणारी.

पोळं फांदीला गुंडाळल्यासारखं का बांधतात? सातेरीसारखं खाली लटकतं का नाही?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

फुलोरी फांदीच्या भोवतीने मेण चढवते. फांदी पोळ्याच्या आत गाडली जाते आणि वर एक फुगीर, पसरट माथा तयार होतो. मध साठवायच्या खोल कोशिका इथे, माथ्याशी. खाली पिल्लांच्या कोशिका, आणि हंगामात अगदी तळाशी नरांच्या मोठ्या कोशिका व राणीचे शेंगदाण्यासारखे कोश. माथा सपाट ठेवण्यामागे कारण आहे. ती त्यांची नाचायची जागा.

मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. पण पेटीतली माशी अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. तिथून सूर्य दिसत नाही. मग ती सूर्याची दिशा म्हणजे 'सरळ वर' असं धरते आणि फुलं सूर्याच्या डावीकडे असतील तर तेवढ्या कोनात डावीकडे कलून नाचते. हे एक प्रकारचं भाषांतर झालं. फुलोरीला भाषांतर लागत नाही. तिचा नाच उघड्या आभाळाखाली, आडव्या माथ्यावर, आणि ती सरळ फुलांच्या दिशेने तोंड करून पोट हलवत धावते. रस्त्यावर पत्ता विचारला की पानवाला हात लांब करून दाखवतो ना, तसं. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत जाऊन नेमकं हेच पाहिलं. मधमाश्यांची नृत्यभाषा कशी विकसित झाली असावी याचा विचार करताना अभ्यासक म्हणूनच फुलोरीकडे बघतात.

तुम्हीही बघू शकता. दोन वर्षांपूर्वी माझ्या कढीपत्त्यावरच्या पोळ्याच्या माथ्यावर सकाळी दहाच्या सुमारास एक माशी सारखी येऊन नाचत होती. पायांना पिवळट परागाच्या गोळ्या. समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीकडे तोंड करून ती चार बोटं धावायची, मागचा भाग थरथरवत, मग वळून पुन्हा तिथूनच सुरुवात. चार-पाच जणी तिच्या मागे डोकं लावून फिरत होत्या. मी चपला घातल्या आणि त्या फटीच्या दिशेने चालत गेले. रेल्वेच्या भिंतीवर आइसक्रीम वेलीचा गुलाबी पसारा पडला होता आणि त्यावर माझ्या घरच्या, म्हणजे मी आपलं समजते माझ्या घरच्या, माश्या. वॉचमन विचारत होता, "ताई, काय हरवलं का?"

फांदीला दोन्ही बाजूंनी काहीतरी चिकट लागलंय. रोग आहे का?

रोग नाही, ती त्यांनी घातलेली राखण आहे. झाडांचा डिंक-राळ आणून पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर त्या चिकट पट्टे ओढतात. मुंग्यांसाठी. उघड्यावरच्या पोळ्याला वाघ-सिंहापेक्षा मुंगीची भीती जास्त, त्यातही आंब्याच्या पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची. आमच्याकडे एकदा काळ्या मुंग्यांची रांग कुंडीतून चढून त्या पट्ट्यापर्यंत आली. पहिली मुंगी थांबली, मिशा लावून पाहिल्या, पाय उचलला, ठेवला नाही. दहा मिनिटांत रांग परत फिरली.

तो पट्टा ओल्या फडक्याने पुसून काढू नका. एकीने स्वच्छतेच्या भरात पुसला होता, दुसऱ्या दिवशी पोळ्यात मुंग्या.

जवळ गेलं की 'फुस्स' असा आवाज होतो आणि सगळा गोळा हलल्यासारखा वाटतो.

तो इशारा. एखादी माशी आधी बारीक पीं करते आणि मग साऱ्या मिळून पंखांनी फुत्कारतात. त्याच वेळी पडद्यावरून एक लाट गेल्यासारखी दिसते. गांधीलमाशी घिरट्या घालायला लागली किंवा तुमची सावली अचानक पडली की हे होतं. इशारा मिळाला की एक पाऊल मागे जायचं, एवढंच. कुंडीला पाणी घालताना हळू हालचाल केलीत आणि पोळ्यावर श्वास सोडला नाहीत, तर त्या तुमच्याकडे लक्षही देत नाहीत.

चावतात का? घरात लहान मूल आहे, सासूबाई आहेत.

दाबलं, हात लावला, पोळं हलवलं तर चावतात. उगाच उठून अंगावर येत नाहीत. नांगी लहान, त्यामुळे वेदना आग्याच्या मानाने बरीच कमी. नांगी त्वचेत अडकली तर नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा, बर्फ लावा. जागेवर सूज आणि खाज येणं नेहमीचं.

मात्र काहींना मधमाशीच्या विषाची ॲलर्जी असते. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, चक्कर आली, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका, थेट रुग्णालय किंवा १०८. ज्यांना आधी अशी रिअॅक्शन आली आहे त्यांच्या घरी पोळं राहू द्यावं असं मी सांगणार नाही. ते हलवून घ्या. कसं, ते खाली लिहिलं आहे.

बाकी घरांत : पोळ्याच्या बाजूचा दरवाजा-खिडकी जाळीची ठेवा, मुलाला लांबून दाखवा, कपडे वाळत घालायची दोरी दुसऱ्या बाजूला घ्या. ओला टॉवेल झटकताना पोळ्याला लागला की मग तक्रार माश्यांची नाही.

मूळची कुठली? महाराष्ट्रातली, की बाहेरून आलेली?

तिचा नैसर्गिक पट्टा बराच लांब आहे. पश्चिमेला ओमान आणि दक्षिण इराण, तिथून पाकिस्तान, भारत, श्रीलंका, पुढे म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, दक्षिण चीनचा काही भाग. सगळा उष्ण, सखल प्रदेश. थंडी तिला मानवत नाही, कारण ढोलीत लपायची सोय तिने ठेवलेलीच नाही. त्यामुळे डोंगरात फार उंचावर ती सापडत नाही. भारतात मैदानी आणि किनारी भागांत ती सर्वदूर आहे. कोकणातल्या आगरात आहे, विदर्भातल्या बाभळीवर आहे, आणि मुंबईत राणीच्या बागेपासून आरेपर्यंत जिथे दाट पानांची झुडपं असतील तिथे आहे.

तिची एक जुळ्यासारखी बहीण आहे, एपिस अँड्रेनिफॉर्मिस. तीही बुटकी, तीही उघड्यावर राहणारी, पण पोटाचा पुढचा भागही काळपट. ती ईशान्य भारत आणि आग्नेय आशियातली. आपल्याकडे काळपट फुलोरी दिसली म्हणून कुणी सांगितलं, तर शक्यतो तो नर असतो नाहीतर प्रकाश कमी असतो.

अलीकडे फुलोरीने घराबाहेरही पाय पसरलेत. १९८५ साली ती सुदानमध्ये खार्टूमला सापडली, २००७ मध्ये जॉर्डनच्या अकाबा बंदराजवळ, आणि २०२४ मध्ये युरोपात पहिल्यांदा, माल्टा बेटावर, तेही बंदराच्या परिसरात. छोटं पोळं, मालाच्या आडोशाला बांधलं, बोटीबरोबर निघालं. इथे आपण तिला जागा देण्याबद्दल बोलतोय आणि तिकडे ती परकी म्हणून नोंदली जाते, तिथल्या मधमाश्यांच्या वाट्याला जाऊ नये म्हणून काळजी घेतली जाते. दोन्ही बरोबर आहे. जी माशी मुंबईत घरची, ती माल्टात उपरी.

भारतात मधमाश्यांच्या जाती किती?

पाळलेली मेलीफेरा सोडून एपिस कुळातल्या देशी : आग्या, हिमालयातली डोंगरी आग्या, सातेरी, फुलोरी आणि ती ईशान्येची काळपट बुटकी. २०२२ साली केरळच्या संशोधकांनी पश्चिम घाटातली काळी मधमाशी सातेरीपासून वेगळी जात म्हणून मांडली, एपिस करिंजोडियन नावाने. ती खरंच वेगळी जात की सातेरीचाच स्थानिक प्रकार, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पोया या कुळात नाही, तिचं घराणं निराळं.

मुंबईत खातात काय? फुलं कुठे आहेत?

आपण वर बघत नाही म्हणून दिसत नाहीत. थंडीत शेवगा आणि आंब्याचा मोहर, उन्हाळा लागला की कडुलिंब, जांभूळ, करंज, रस्त्याकडेचा सोनमोहर. नारळ बारा महिने, आणि नारळाचा पराग त्यांना फार प्रिय. खाडीकडच्यांना तिवराची फुलं. शिवाय तुमच्या कुंड्या : तुळस, सब्जा, ऑफिसटाइम. ऑफिसटाइम उमलतो सकाळी नऊ-दहाला, आणि त्या बरोबर त्याच वेळी हजर. आमच्या गॅलरीत हे घड्याळ माझ्या लोकलपेक्षा वक्तशीर आहे.

फुलोरी लांब जात नाही. बहुतेक फेऱ्या काही शे मीटरच्या आत. म्हणून तुमच्या सोसायटीतली झाडं तिच्यासाठी सगळं काही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की शेवगा कचरा करतो, तोडू या, तर हात वर करा.

शहराबाहेर तिचं काम अधिक मोठं. कांद्याचं बियाणं धरायचं तर डोंगळ्यांवर कीटक यायला लागतात, आणि त्यात फुलोरी महत्त्वाची. डोंगळा म्हणजे कांद्याचा तो पांढऱ्या फुलांचा गेंद. सगळी फुलं एकत्र, उथळ, लहान तोंडाच्या माशीला सोयीची. आपण भज्यांसाठी कांदा चिरतो, त्याचं बी आलं कुठून याचा धागा अशा एखाद्या पोळ्यापर्यंत जाऊ शकतो.

पोळ्यात मध असेल ना? काढू का?

असतो. किती? पोळं जोरात असेल तर काही शे ग्रॅम, गॅलरीतल्या लहान पोळ्यात वाटीभरही नाही. पातळ असतो, लवकर आंबतो. औषधी म्हणून फार बोललं जातं, पण त्यासाठी पोळं पिळलंत तर पिल्लांसकट सगळं जातं आणि माश्या निघून जातात. वाटीभर मधासाठी हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत. शेजारच्या काकांचं स्पष्ट मत वेगळं आहे, त्यामुळे त्यांच्या खिडकीत त्या बसत नाहीत.

आणि एक वर्षाखालच्या बाळाला कोणताच मध चाटवू नका, फुलोरीचाही नाही, आजी कितीही म्हणाली तरी. बाळाच्या आतड्यात बोट्युलिझमचा जंतू वाढण्याचा धोका असतो.

पेटीत पाळता येईल का?

नाही. तिला अंधार नको, एकच पोळं हवं, वर आभाळ दिसायला हवं. पेटीत घातली की निघून जाते. ओमानमध्ये मात्र तिला सांभाळायची जुनी रीत आहे : पोळं फांदीसकट कापायचं, मधाच्या भागाला काठीच्या चिमट्यात धरायचं आणि घराजवळच्या सावलीत, आडोशाला टांगायचं. म्हणजे तिच्या अटी मान्य करून.

मधमाशीपालन शिकायचंच असेल तर सातेरी किंवा मेलीफेरा. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केलं, सहलीला गेलात तर वाकडी वाट करून बघण्यासारखं आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवलं तर पाच मिनिटांत काम होईल ना?

होईल. पुढचे आठ दिवस तुम्ही निस्तराल.

आमच्याच मजल्यावर एकदा झालं. मी ऑफिसला. शेजाऱ्यांनी बोलावलेला माणूस आला, नळी धरली, फवारलं, पावती दिली, गेला. संध्याकाळी आले तर पॅसेजभर माश्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. मरायला वेळ लागतो. जी शेजारची छोटी कधीच चावली गेली नव्हती ती त्या दिवशी अनवाणी पायाने एकीवर पडली. पोळं कुणी काढलंच नव्हतं. आत पिल्लं मेलेली, त्यांना वास सुटला, मध ओघळून खालच्या गॅलरीतल्या चादरींवर, आणि मध-पिल्लांच्या मागे मुंग्या, झुरळं. विषारी मध चाटायला दुसरीकडच्या माश्याही आल्या. शिवाय ज्या फुलांवर त्या जायच्या, त्या माझ्या कुंड्यांवरही फवाऱ्याचे तुषार.

जाळून, धूर करून काढणं तर इमारतीत करायचंच नाही. ग्रिलजवळ पडदे असतात, गॅसची पाइप असते.

हलवायचंच असेल तर?

पोळं कुंडीतल्या झाडावर असेल तर काम सोपं. अंधार पडल्यावर, सगळ्या घरी आल्या की, अंगभर कपडे आणि जाळीची टोपी घालून कुंडी हळूहळू सरकवायची. अंतर आठ-दहा फुटांचं असेल तर त्या बहुधा सांभाळून घेतात. ग्रिलवर असेल तर त्याच सावलीत, जवळच्या झाडावर फांदी बांधून द्यावी लागते आणि हे अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. तो कोण, हे निसर्गमंडळींना विचारलंत की कळतं. ग्रिलबाहेर झुकून कुणीही काहीही करायचं नाही. चौथ्या मजल्यावरून पडणं हे माशी चावण्यापेक्षा वाईट.

हलवल्यावर दोन दिवसांत त्या उठून गेल्या तर वाईट वाटून घेऊ नका. तसंही त्यांचं तेच चालू असतं.

आपणहून जातात म्हणता, पण कधी?

फुलोरी कायमची भाडेकरू कधीच नव्हती, तिचा करार अकरा महिन्यांहूनही छोटा. आमच्याकडे सर्वांत कमी राहिल्या त्या अठरा दिवस, सर्वांत जास्त साडेचार महिने. फुलं संपली, ऊन थेट पोळ्यावर यायला लागलं, मुंग्यांनी पिच्छा पुरवला, मेणकिडा लागला, नाहीतर पावसाचा मारा सुरू झाला, की निघतात.

घाईत निघाल्या नसतील तर आधी चिन्हं दिसतात. राणी अंडी घालणं थांबवते. झाकलेल्या कोशिकांतली पिल्लं बाहेर पडेपर्यंत बाकीच्या थांबतात आणि माथ्यावरचा मध खाऊन संपवतात. पडदा विरळ होऊन मधून मेण दिसायला लागलं की समजायचं. मग एखाद्या सकाळी, साधारण ऊन तापल्यावर, सगळा गोळा सुटतो, गॅलरीसमोर हवेत एक ढग भिरभिरतो आणि पाच-सात मिनिटांत शांतता. त्या ढगाला बघून घाबरून किंचाळणारे शेजारी भेटतील. त्या वेळी त्यांना चावण्यात काही रस नसतो, त्यांचं सामान हललेलं असतं.

गेल्या. रिकामं पोळं लगेच काढून टाकू?

दोन-तीन दिवस थांबा. नवी जागा जवळच असेल तर त्या परत येतात, मेण न्यायला. मेण तयार करायला मध खर्ची पडतो, म्हणून जुन्या घराचं सामान मोडून नेणं परवडतं. गेल्या डिसेंबरात मी चहाचा कप घेऊन हेच बघत बसले होते. सात-आठ जणी रिकाम्या पोळ्याच्या कडा जबड्याने कुरतडत होत्या. कुरतडलेलं मेण पुढच्या पायांनी मळून मागच्या पायांवर, पराग ठेवतात त्याच जागी, गोळी करून लावत होत्या. पराग पिवळाधमक असतो, हे मात्र मळकट पांढरं. एकीची गोळी निसटून कढीपत्त्याच्या पानावर पडली, तर ती खाली उतरली आणि तेवढा कण उचलून नेला.

तिसऱ्या दिवशी फांदीवर फक्त चिकट पट्टे उरले. ते मी ठेवले आहेत. झाडाला त्याने काही होत नाही.